मांडवाखालची केबिन

"पोपटाला निदान बसायला दांडी असते," बांबूच्या चौकटीत अंग चोरून बसलेले अण्णा म्हणाले. "आणि पेरू मिळतो."

"पेरू संध्याकाळी," मी म्हणालो. "आधी सरळ बसा. केबिनमध्ये माणूस असा वाकून बसत नाही, साहेबासारखा बसतो."

"साहेब फवारणी करतो का?"

"करत नाही म्हणून तर सरळ बसतो."

पिंजरा मी बांधला होता. आमच्या जुन्या, उघड्या, बुटक्या ट्रॅक्टरच्या चार कोपऱ्यांना चार बांबू, वर आडवे चार, सगळं सुतळीने आवळलेलं आणि त्यावर फ्लेक्स. फ्लेक्स गावातल्या एका भावी नेत्याच्या वाढदिवसाचा होता. वाढदिवस होऊन गेला होता, नेता अजून भावीच होता. त्याचा चेहरा नेमका छतावर आला होता, त्यामुळे तो हात जोडून आभाळाला नमस्कार करत होता. डाव्या बाजूला 'हार्दिक शुभेच्छा', उजव्या बाजूला गॉगल घातलेले अकरा शुभेच्छुक, आणि मधोमध माझे वडील.

बांधापलीकडून खंडूतात्यांनी हाक दिली, "त्र्यंबकराव, कोणत्या वॉर्डातून?"

"पोरगं उभं करतंय," अण्णा म्हणाले. "मला विचारलंपण नाही."

हा सगळा खटाटोप उंची मोजायचा होता. आमची द्राक्षबाग तेव्हा मांडवावर होती. मांडव म्हणजे डोक्यावर तारांची जाळी, वेली तिच्यावर पसरलेल्या, आणि खालून, दोन ओळींच्या मधून, छोटा ट्रॅक्टर मागे ब्लोअर ओढत जाणार. ब्लोअर म्हणजे औषधाची टाकी आणि तिच्यामागे मोठा पंखा. पंखा औषधाचं धुकं करतो आणि पानापानांवर फेकतो. पान आणि माणूस यातला फरक पंख्याला कळत नाही. आता नवा ट्रॅक्टर घ्यायचा होता, आणि तो उघडा घ्यायचा की काचेच्या बंद केबिनचा, यावरून घरात पंधरा दिवस चर्चा चालली होती. मी शोरूमच्या कागदावरून केबिनची उंची घेतली, तेवढे बांबू कापले आणि अण्णांना त्यात बसवलं.

महिना एप्रिल होता. खरड छाटणी होऊन आठ दिवस झाले होते. त्या छाटणीत वेलींचं सगळं काढून टाकतात, मांडवावर नुसते ठोंब राहतात. त्या टकल्या मांडवाखालून आमची पालखी निघाली. मी मागे चालत छताकडे बघत होतो. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. फ्लेक्स कुठेच घासला नाही.

"चार बोटं जागा राहते," मी ओरडलो.

"चार बोटं," अण्णा म्हणाले. त्यात आनंद होता की नाही ते मला ट्रॅक्टरच्या आवाजात कळलं नाही.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरात माझं मुख्य काम लोकांना हसवणं हे होतं. त्याबद्दल मला दोन वेळचं जेवण मिळायचं.

केबिनचा विषय निघाला तो जानेवारीतल्या एका खांबामुळे. फवारणी करता करता अण्णांनी मांडवाचा एक खांब पाडला. तीस वर्षांत त्यांनी खांबाला ट्रॅक्टरचं टोकही लावलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "दोन खांब दिसले, मधून घातला." आम्ही हसलो. मग ते बांधावर बसून उलट्या करायला लागले, तेव्हा हसायचे थांबलो. उलट्या थांबल्या, हातांची थरथर थांबली नाही. चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजायला लागली. तेव्हा आईने त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली आणि सांगितलं की घरातल्या बश्या फुटल्या. एकही फुटली नव्हती.

नाशिकला मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषध अंगात मुरलंय, म्हणाले. असंच चालू राहिलं तर आधी हात, मग डोळे, मग छाती, असा क्रमही त्यांनी सांगितला, जणू बसचे थांबे.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "मग उपाय काय म्हणाले?"

"केबिन," मी म्हणालो. "बंद केबिनचा ट्रॅक्टर घ्यायचा. माणूस काचेच्या आत, औषध काचेच्या बाहेर."

अण्णा चपला काढत होते. त्यांनी एक चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि मग दुसरी काढली.

पिंजऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शोरूमचे गांगुर्डे ओट्यावर येऊन बसले. गांगुर्डे हा कडक इस्त्रीचा माणूस होता. त्यांनी दोन फोटो आमच्यासमोर ठेवले, मुली दाखवायला आणल्यासारखे.

"इंजिन तेच, चाकं तीच, ताकद तीच," ते म्हणाले. "हा उघडा, हा बंद. बंदमध्ये एसी आहे. हवेला फिल्टर आहे. रेडिओ आहे."

"रेडिओ कशाला?" अण्णांनी विचारलं.

"ऐकायला."

"मी ब्लोअर ऐकतो. पंपाचा आवाज बदलला की मला मान न वळवता कळतं, कुठली नळी तुंबली ते. काचेत बसून कसं कळणार?"

"आरसा आहे ना, अण्णा."

"आरशात आवाज दिसतो का?"

गांगुर्डेंनी फोटो सरळ केला. अण्णा पुढे म्हणाले, "आणि घड आडवा आला तर? उघड्यावर मी हाताने उचलून धरतो, खालून निघून जातो. काचेतून काय, नमस्कार करू त्याला?"

"हॉर्न वाजवायचा," मी म्हणालो. "घड बाजूला होतात."

आई आतून कोथिंबीर निवडता निवडता बाहेर आली. "मला ते एसी आणि रेडिओ नका सांगू. औषध आत जाणार नाही ना, तेवढं सांगा."

"काकू, डासपण जाणार नाही."

"झालं तर मग."

"झालं कसं?" अण्णा म्हणाले. "उघडाच घेऊ. हलका आहे, वळायला सोपा आहे, मांडवाखाली बिनघोर जातो." मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फक्त बसणार कोण, एवढं ठरवायचं."

कुणाला उद्देशून असं ते बोलले नाहीत. नजर ओट्यावरून फिरली, गांगुर्डेंवरून, आईवरून, आणि माझ्यापाशी जरा थांबली.

"गांगुर्डेंना बसवू," मी म्हणालो. "विक्रीनंतरची सेवा."

सगळे हसले. गांगुर्डे सगळ्यात कमी हसले.

"रोजाने एखादा ड्रायव्हर लावा ना," आई म्हणाली.

"जे मला चालत नाही, ते दुसऱ्याच्या पोराला कसं चालेल?" अण्णा म्हणाले. "त्याला आई नाही का?"

आई कोथिंबीर घेऊन आत गेली. गांगुर्डे म्हणाले की केबिनला नंबर लावावा लागतो, लवकर कळवा, आणि पोहे खाऊन गेले.

दोन दिवसांनी आम्ही बागेत ठिबकच्या नळ्या बघत होतो. अण्णा वाकलेलेच म्हणाले, "उघडा घेतला, तर बसेल कोण?"

"बुजगावणं बसवू," मी म्हणालो. "त्याला ना डोळे, ना छाती. पगार नाही, वर पाखरंपण येत नाहीत."

ते हसले. मी हसवलं की अण्णा नेहमी हसायचे. ते त्यांचं माझ्या बाबतीतलं कर्तव्य होतं. मग त्यांनी एक नळी झटकली आणि पुढच्या वेलीकडे गेले.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी नाव घेऊन.

"हर्षल, तुझं म्हणणं सांग. गंमत नको. उघडा घेतला तर बसायचा प्रश्न आहे. उघडा की बंद?"

आई भाकरी थापायची थांबली.

"बंद," मी म्हणालो. मला त्या दिवशी खरोखरच कुठली गंमत सुचली नाही.

अण्णांनी तोंडातला घास नीट चावला, गिळला, पाणी प्यायले. "बंद," ते म्हणाले. ठरलं.

केबिनचा ट्रॅक्टर जूनमध्ये आला. चारही बाजूंनी काच, वर पांढरं छत, छताच्या पुढच्या आणि मागच्या कडेला दिवे. गावातली अर्धी पोरं त्याच्याभोवती जमली. आईने नारळ फोडला, चाकांना पाणी घातलं, ओवाळलं आणि पुढच्या काचेवर कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. गांगुर्डेंना तेवढ्यात वायपर दाखवायची घाई झाली. त्यांनी आत हात घालून बटण दाबलं. वायपरने पाणी मारलं, डावीकडून उजवीकडे एक फेरी मारली, आणि काच लख्ख झाली.

कुंकू पुसलं गेलेली ती काच बघत आई ताट हातात धरून उभी राहिली. गांगुर्डे हळूच म्हणाले, "दोन स्पीड आहेत."

मी म्हणालो, "बघ आई, केबिनने काम सुरूपण केलं." आईने पुन्हा कुंकू लावलं, या वेळी बॉनेटवर, आणि मला त्या दिवशी ताट वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

जुना ट्रॅक्टर गांगुर्डे बदल्यात मागत होते. अण्णांनी तो दिला नाही. शेडमध्ये ताडपत्रीखाली लावून ठेवला.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली, म्हणजे फळासाठीची छाटणी. नवे कोंब फुटले, आणि फवारण्या सुरू झाल्या. अण्णा काचेत बसून जायचे, काचेत बसून यायचे. बाहेर औषधाचं धुकं, आत अण्णा टोपीसकट कोरडे. उतरले की आईला हात पुढे करून दाखवायचे. हातांना वास नसायचा. पंधरा-वीस दिवसांत थरथर जरा कमी झाली असं आई म्हणायला लागली. एका संध्याकाळी तिने त्यांना कपबशीत चहा दिला. बशी वाजली, पण हळू. आई म्हणाली, "नव्या आणल्या." मी मनात म्हटलं, सुटलो. अण्णा सुटले असं मला म्हणायचं होतं, पण शब्द तोच आला.

नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस पाऊस पडला. त्या दिवसांत त्याचं काही काम नव्हतं. बाग फुलोऱ्यात होती. फुलोऱ्यातला घड म्हणजे गोवर निघालेलं पोर. त्याला हात लावायचा नाही, आणि औषधाला उशीर करायचा नाही. ओल्या बागेत डावणी रोग बघता बघता पसरतो, घड तपकिरी होऊन गळतात आणि त्या वर्षाची बाग तिथेच संपते. तिसऱ्या दिवशी सकाळी उघाड मिळाली. दहाच्या सुमाराला अण्णांनी टाकी भरली, बुरशीचं पिवळं औषध आणि किडीचं, दोन्ही एकत्र. ते केबिनमध्ये बसले, दार लावलं आणि पहिल्या ओळीत शिरले.

मी ओळीच्या तोंडाशी उभा होतो. तिसऱ्या खांबाजवळ तार टण्णकन वाजली आणि ट्रॅक्टर थांबला.

पळत गेलो. मांडव खाली आला होता. महिन्याभराच्या फुटीचं, पानांचं, घडांचं वजन, आणि त्यावर दोन दिवसांचं पाणी. तारांना मधोमध झोळ पडला होता, आणि त्या झोळात आमची केबिन शिरली होती. छतावर ओला पाला दाबून बसला होता. मागच्या दिव्यापाठी एक तार अडकली होती. चारही काचांना बाहेरून घड चिकटले होते, वरातीच्या गाडीत नवरा कसा दिसतो ते बघायला बाया चिकटतात तसे. आत अण्णा.

ते काहीतरी बोलत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी दाराकडे बोट दाखवलं, तर त्यांनी जोरात मान हलवली आणि दारावर लोंबणारी वेलीची काडी दाखवली. दार उघडलं असतं तर तिच्यावरचे पाच घड घासून गेले असते. काच खाली करावी, तर ती खाली होणारी नव्हतीच. मग अण्णांनी ब्लोअर बंद केला, खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि बराच वेळ शोधून एक नंबर लावला. माझा फोन वाजला. पडद्यावर 'अण्णा' आलं. अण्णा माझ्यापासून चार फुटांवर होते.

"हॅलो," मी म्हणालो.

"कोण बोलतंय?"

"मी. हर्षल. समोर उभा आहे."

"ते दिसतंय. वर बघ, काय अडकलंय?"

"दिव्यामागे तार. पुढे गेलात तर पुढच्या तारा तुटतील, मागे आलात तर दिवा."

"दिवा तुटू दे. घड किती घासले?"

मी मोजले. "सात-आठ."

"तीन खांबांत सात-आठ," ते म्हणाले. "बेचाळीस ओळी आहेत."

फोनमधून मागचा रेडिओ ऐकू येत होता. कुणी बाई हिवाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्यावी ते सांगत होती.

"चार बोटं जागा होती," मी म्हणालो. "आपण मोजली होती."

"एप्रिलमध्ये मोजली. तेव्हा मांडव उपाशी होता. आता पोटभर जेवलाय, वर पाणी प्यायलाय."

"तुम्हाला तर माहीत होतं ना, तारा उतरतात ते?"

"नव्हतं ना," अण्णा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "उघड्यावर मी वाकायचो. तीस वर्षं. एकेका फवारणीला जरा जरा जास्त. कधी वाकायला लागलो ते कळायचंच नाही. अंग आपोआप वाकतं रे. काच वाकत नाही."

पाल्यावरचं पाणी छतावर टपटपत होतं. अण्णा आत फोन कानाला लावून बसले होते, मी बाहेर फोन कानाला लावून उभा होतो, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. असं आम्ही कधी बसलो नव्हतो. मध्ये काच नसती तर मी पुढचं बोललो नसतो.

"अण्णा, एक सांगायचं होतं."

"सांग. मी कुठे जातोय?"

"डॉक्टर नुसतं केबिनचं बोलले नव्हते."

अण्णांनी स्टीअरिंगवरचा हात खाली घेतला.

"ते आधी म्हणाले होते, वडिलांना ट्रॅक्टरवरून उतरवा. फवारणी तुम्ही करा. मास्क लावा, अंगभर कपडे घाला, काम झालं की आंघोळ करा. तुम्ही तरुण आहात, त्यांच्या अंगात आता जागा उरली नाही. आणि हे जमणारच नसेल, तर मग केबिन, असं म्हणाले." मला श्वास घ्यावा लागला. "मी घरी फक्त शेवटचं सांगितलं."

अण्णांनी रेडिओ बंद केला.

"मी शर्ट घालत होतो," ते म्हणाले. "पडद्याच्या पलीकडे. हात थरथरत होते, गुंड्या लागेनात, म्हणून वेळ लागला. सगळं ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं की. तीनदा विचारलं, बसणार कोण."

मी खाली बघितलं. चिखलात माझ्या बुटांखाली एक घड सापडला होता.

"मला भीती वाटत होती," मी म्हणालो. "तुम्ही बांधावर उलट्या केल्या ना, तेव्हापासून."

"वाटणारच. ते विषच आहे." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. मीच म्हटलं असतं, राहू दे, केबिन घेऊ. पण तू गांगुर्डेला बसवत होतास."

काचेतून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, घड आडवे येत होते.

"आता बेचकीची काठी आण," ते म्हणाले. "तार उचलून धर. मी मागे घेतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या तीन खांबांतून बाहेर यायला पाऊण तास लागला. दिवा तुटला. मग ब्लोअर सोडवला, शेडमधून जुना ट्रॅक्टर काढला, त्याला ब्लोअर जोडला. बारा वाजत आले होते, ऊन तापलं होतं. ओली बाग आणि ऊन, रोगाला याहून जास्त काही लागत नाही. शेजारच्या सगळ्या बागांतून ब्लोअरचे आवाज येत होते. अण्णा सीटकडे निघाले.

"मी बसतो," मी म्हणालो.

ते थांबले. "ओळीत कधी चालवलायस?"

"नाही."

"मागे ब्लोअर जोडून?"

"नाही."

"फुलोऱ्यात?"

मी मडगार्डला धरून उभा राहिलो.

"हे मोकळ्या मांडवात शिकायचं असतं," अण्णा म्हणाले. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "बस. मी मडगार्डवर बसतो."

"तुम्ही नका येऊ. बांधावरून सांगा."

"बांधावरून घड उचलता येतो का?"

मास्क एकच होता. दोन्ही बाजूंना डबे असलेला, रबरी, डॉक्टरांकडून आल्यावर घेतलेला. केबिनमुळे तो कधी वापरलाच नव्हता. अण्णांनी तो पिशवीतून काढला, फुंकर मारली आणि माझ्या तोंडावर चढवून मागचे पट्टे आवळले. थरथरत्या बोटांनी बक्कल लागायला वेळ लागला.

"तुम्ही घाला," मी आतून म्हणालो.

"मी टॉवेल बांधतो."

मी एकदाच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

आम्ही ओळीत शिरलो. अण्णा माझ्या डाव्या हाताला, मडगार्डवर एक मांडी टाकून, समोर आलेला प्रत्येक घड तळहातावर अलगद उचलत होते आणि आमच्या डोक्यावरून मागे सोडत होते. मध्येच माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. "क्लच." "हळू." "वाक." सरळ ओळीत धुकं मागे राहायचं. पण ओळ संपली की वळावं लागायचं, आणि वळताना वारा ते सगळं आमच्या अंगावर आणून टाकायचा. मला नुसता रबराचा वास येत होता. पाचव्या की सहाव्या ओळीत अण्णांचा टॉवेल सुटून गळ्यात आला. दोन्ही हात घडांत गुंतलेले होते, त्यांनी तो पुन्हा बांधला नाही. खोकला आला की ते तोंड दुसरीकडे करायचे, आणि दुसरीकडे जास्त औषध होतं.

मास्क काढून त्यांना द्यावा, असं मला प्रत्येक वळणावर वाटलं. पट्टा नुसता ओढायचा होता. मग वळण संपायचं, ओळ सुरू व्हायची, अण्णा म्हणायचे "हळू", आणि मी हळू करायचो.

बेचाळीस ओळी झाल्या. एकही खांब पडला नाही. खाली उतरल्यावर अण्णांनी पहिल्यांदा ते बघितलं आणि म्हणाले, "येईल तुला."

येतं मला आता. त्या वर्षीची बाग वाचली, पुढची पाच वर्षं फवारणी मीच केली, अजून करतो. केबिन दुसऱ्या वर्षी कापून काढली आणि विहिरीजवळ ठेवली. आई तिच्यात पापड वाळवते. अण्णा बांधावर खुर्ची टाकून बसतात, कारण दहा पावलं चाललं की त्यांना थांबावं लागतं. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरतात. डॉक्टर म्हणतात, हे सगळं त्या एका दिवसाचं नाही, तीस वर्षांचं आहे. डॉक्टरांचं म्हणणं मी आता पूर्ण ऐकतो आणि घरी येऊन पूर्ण सांगतो. त्याने काही फरक पडत नाही.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा चार वाजले होते. आई अंगणात होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत माझा चेहरा स्वच्छ होता. मग तिने अण्णांकडे पाहिलं. मिश्या, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. तिने चुलीवरून गरम पाण्याची बादली उतरवली आणि ती माझ्या हातात दिली.

मी अण्णांना न्हाणीत दगडावर बसवलं. उघड्या अंगाने, पिवळ्या तोंडाने ते पाटावरच्या नवरदेवासारखे दिसत होते. वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. साबण लावला. मान, पाठ, खांदे, काखा. तांब्यामागून तांब्या ओतला. आधी पिवळं पाणी आलं, मग फिक्कट, मग नुसतं पाणी. पण मानेच्या वळ्यांत, कानांच्या मागे, नखांच्या मुळाशी रंग तसाच होता. तिथे मी पुन्हा घासलं, कातडी लाल होईपर्यंत. तो हलला नाही.

अण्णांनी फेसात डोळे घट्ट मिटले होते.

"निघालं का रे सगळं?" त्यांनी विचारलं.

"निघालं," मी म्हणालो आणि आणखी एक तांब्या ओतला.